अकरा टक्के

अमारा, २४ सप्टेंबर २०१८

गझवान,

पोचलास का, जिवंत आहेस का, काही खाल्लंस का, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी लिही. बाकीचा शहाणपणा नंतर. फोन करू नकोस, फोनवर काही लिहूही नकोस. फोनवर लिहिलेलं घरात राहत नाही, हे आपल्याला आता पुरतं कळलंय. अबू सत्तार दर आठवड्याला गाडी घेऊन बगदादला जातो, तिथून त्याचा मेहुणा एरबिलच्या बसवर आहे. औषधाच्या खोक्यात कागद घालून पाठवत जाईन. तूही तसंच कर.

तू निघालास त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आले. तीन गाड्या. मोहरमच्या मिरवणुकीतलीच पोरं, तोंडाला काळी फडकी बांधलेली, पण चपला सगळ्या ओळखीच्या. त्यातल्या दोघांना तर मी शाळेत पाढे शिकवलेत. मशीनगन लावली आणि घरावर फिरवली, शेतात पाणी सोडावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई नमाज पढत होती, ती उठलीच नाही. मी तिच्या अंगावर जाऊन पडले. गच्चीवरची टाकी फुटली आणि जिन्यावरून पाणी खाली आलं. थोरल्या फालिहच्या खांद्याचं मांस एका गोळीने उडवलं. हाड वाचलं. मी ओरडत होते आणि तो त्याच हाताने मला गप्प बस म्हणून खुणा करत होता, बाही पूर्ण लाल.

जाताना फाटकावर लाल रंगाने लिहून गेले, 'रक्त हवं आहे'. मी रॉकेलने पुसायला बसले. 'रक्त' गेलं, 'हवं आहे' अजून दिसतंय.

आता सांग, तुला काय अवदसा आठवली? मोहरमची सातवी तारीख, करबलाच्या लढाईत दोन्ही हात गमावलेल्या अब्बासचा दिवस, सगळं गाव छाती पिटतंय, आणि तुझ्या खात्यावर झळकतंय: 'गझवानची श्रद्धा: अकरा टक्के. मनाचा कल: नाकारणारा.' वर तुझा दात काढलेला फोटो! सगळ्या गावातल्या बायकापोरांनी ती वीस प्रश्नांची ऑनलाइन चाचणी दिली. कुणाला नव्वद मिळाले, कुणाला सत्त्याण्णव. शेजारच्या गल्लीतल्या दारुड्यालासुद्धा बासष्ट मिळाले रे! तुला अकरा? आणि मिळाले तर मिळाले, चव्हाट्यावर टांगायची काय गरज होती? तासाभरात त्याचा स्क्रीनशॉट आपल्या टोळीच्या शेखच्या दिवाणखान्यात पोचला होता.

आईने धसका घेतलाय. दिवसभर नमाजाच्या सतरंजीवरून हलत नाही. आधीच्या चुकलेल्या नमाजाही भरून काढतेय म्हणते. तुझ्यासाठीच चाललंय सगळं. लाज वाटू दे थोडी.

तुझी,
विदादताई


एरबिल, १ ऑक्टोबर

ताई,

पोचलो. जिवंत आहे. भात आणि भेंडी खाल्ली, भेंडीत तुझ्यासारखा लसूण नव्हता. झाली तिन्ही उत्तरं?

एका औषधांच्या गोदामात काम मिळालंय. खोके उचलायचे. इथे सगळे मला 'दक्षिणेचा अरब' म्हणतात आणि चौकीवर रोज कागद मागतात. ठीक आहे. कागद बघतात, मनात वाकून बघत नाहीत.

फालिहच्या खांद्याचं वाचलं. जखम रोज सलाइनच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, कॉफीची पूड भरू नका. झाडपाला देणाऱ्या त्या म्हातारबुवाला घरात घेऊ नका.

आता नीट ऐक. ती चाचणी मी दिलेली नाही. आपल्या गेलेल्या भावाची, रिसानची आण. सातव्या तारखेला सकाळपासून मी माझ्या औषधाच्या दुकानात होतो, मिरवणुकीत जखमी झालेल्यांना टाके घालत होतो, माझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. फोनला शिवलोसुद्धा नाही. संध्याकाळी घरी येताना रस्त्यात लोक थुंकायला लागले, तेव्हा मला कळलं.

मग दिली कुणी? माझ्या खात्याचा पासवर्ड मला माहीत, आणि बहुतेक थामिरकाकाच्या जासिबला. घरातला तो जुना टॅब त्यानेच दुरुस्त केला होता, खातं त्यानेच उघडून दिलं होतं. आठवतं ना, पाचव्या तारखेला त्याचं आणि माझं वाजलं होतं. तो साखळ्यांनी पाठ सोलून घेत होता आणि मी त्याला म्हटलं, 'अरे, धनुर्वाताची सुई तरी घेऊन ये आधी.' चारचौघांत हसले लोक. तो म्हणाला, 'तुला एक दिवस दाखवतो.' दाखवलं त्याने बहुतेक. फालिहला सांग, जाऊन नुसतं विचार त्याला.

आईला म्हणावं, गुडघ्यांची काळजी घे. देव सतरंजी मोजत नाही.

गझवान


अमारा, ११ ऑक्टोबर

गझवान,

खाली बस आणि मग वाच.

तुझं पत्र मी फालिहला वाचून दाखवलं. आणि वाचताना तुझे ते 'बहुतेक' मी गाळले. मुद्दाम नाही. रागाने वाचत होते, रागाच्या वाचनात 'बहुतेक' कोण वाचतं? तो ऐकताऐकताच उठला. मी म्हटलं, अरे खांदा बांधू दे. तो म्हणाला, 'दुसरा आहे ना.'

जासिबच्या मोबाइलच्या दुकानात गेला. सकाळचे दहा वाजले होते, गिऱ्हाइकं होती. शटर ओढायची ती लोखंडी सळई असते ना, कोपऱ्यात उभी होती, ती घेतली. पहिला घाव तोंडावर. नंतरचे त्यानेही मोजले नाहीत आणि बघणाऱ्यांनीही नाही. जासिब ओरडत होता, 'कसली चाचणी? दादा, कसली चाचणी?' दुकानातले लोक सांगतात, हेच एक वाक्य तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. ऐकून आम्हाला वाटलं, नाटक करत होता.

तीन दिवस दवाखान्यात होता. मी बघून आले. त्याचा चेहरा चेहऱ्याच्या जागी नव्हता. चुलती उशाशी बसून त्याच्या केसांत बोटं फिरवत होती, कारण हात ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तिने मला बघितलं आणि पुन्हा केसांत बोटं फिरवायला लागली. चौथ्या दिवशी पहाटे गेला.

फालिह घरात आहे. जेवत नाही. हाताला साबण लावत बसतो.

थामिरकाकाने शेखकडे माणूस धाडला. सख्खा काका, ज्याने तुम्हा तिघा भावांना आणि मला पाण्यात फेकून पोहायला शिकवलं, त्याला आपल्या दारात यायला आता मध्यस्थ लागतो. शेख मुतश्शरने अरबईनपर्यंत तह करून दिलाय. करबलाची पायी यात्रा संपेपर्यंत कुणी कुणाला हात लावायचा नाही. त्यानंतर शेखच्या बोरूच्या काड्यांनी बांधलेल्या दिवाणखान्यात सगळ्यांनी बसायचं.

आणि ऐक, त्या मिरवणुकीतल्या पोरांनी परवा येऊन आपलं फाटक स्वतः रंगवून दिलं. म्हणाले, 'चाचणी जासिबने दिली, गझवानने नव्हती म्हणजे. माफ करा ताई.' असं आहे. तुझं नाव धुऊन निघालं.

विदादताई


एरबिल, १८ ऑक्टोबर

ताई,

मी 'विचार' असं लिहिलं होतं. विचार!

जासिब आणि मी एका टोपलीत निजलेली पोरं. त्याला साप दिसला तरी तो मला हाक मारायचा. साखळीने सोललेल्या पाठीवर दरवर्षी मीच औषध लावायचो आणि दरवर्षी तो शिव्या द्यायचा. तू गाळलेस ते दोन 'बहुतेक' मी घाबरत घाबरत लिहिले होते ताई, दिसायला बारीक असले तरी. पण तुला काय बोलू? नाव तर मीच लिहिलं. तिसरं कुणी मला सुचलंच नाही, आणि न सुचलेल्याची शिक्षा त्याला झाली.

आता इतकं झाल्यावर तुझ्यापासून काय लपवायचं? मी खरंच मानत नाही. तीन वर्षं झाली. रिसानची शवपेटी बैजीच्या आघाडीवरून आली आणि ते म्हणाले उघडू नका, तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन उघडली होती. आत दोन जणांचे पाय होते, डोकं एकाचंही नव्हतं. आम्ही कुणाला पुरलं, मला आजतागायत माहीत नाही. तेव्हापासून मी नमाजात वाकतो ते फक्त तुमच्या शेजारी उभं राहण्यासाठी. आता शिव्या घाल.

पण चाचणी मी दिली नव्हती. तेव्हा दिली नव्हती. परवा इथे दिली, दुसऱ्या नावाने, जासिब गेल्याचं कळल्यावर. म्हटलं, बघू तरी कशापायी माणूस मेला. 'तुम्ही स्वतःला खरे श्रद्धावान समजता का?' अर्थात. 'देवावर कधी रागावलात का?' छे, कधीच नाही. वीस प्रश्न, दोन मिनिटं. मला चौऱ्याण्णव टक्के मिळाले ताई. मनाचा कल: भक्तीचा. फुलं उधळली त्यांनी पडद्यावर.

मग अकरा मिळवण्याइतकं खरं कोण बोललं? जासिब माझी नाचक्की करायला बसला असता तर त्याने शून्य आणले असते. अकरा आणायला बसून विचार करावा लागतो. मला आता वाटतं, आपण भलत्याच माणसाला मारलं.

गझवान


अमारा, २ नोव्हेंबर

गझवान,

शिव्या नंतर घालेन. यादी करून ठेवलीय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 'अकरा आणायला बसून विचार करावा लागतो.' मी आईजवळ गेले. ती मागे भट्टीवर भाकरी लावत होती, हात कोपरापर्यंत लाल. दीड महिन्यात निम्मी झालीय. म्हटलं, आई, तू तो टॅब कधी हाताळलास का?

तिने भाकरी काढली, खाली ठेवली आणि म्हणाली, 'तुला कुणी सांगितलं मला अकराच मिळाले म्हणून?'

गेल्या हिवाळ्यात मीच तिला अक्षरं शिकवली. तुला माहीत नाही. तू दुकानातून यायच्या आत आम्ही पाटी आवरायचो, म्हातारपणी शिकते म्हणून तिला लाज वाटायची. शोकगीतं ऐकायला टॅब उघडला, तर ती चाचणी समोर आली. बायकांच्या बैठकीत सगळ्या आपापले आकडे सांगत होत्या, म्हणून तिनेही दिली. एकेक प्रश्न बोट ठेवून वाचला म्हणे, अर्धी सकाळ लागली.

'त्यात विचारलं, तुम्ही स्वतःला खरे श्रद्धावान समजता का. मी म्हटलं नाही. असं कुणी आपल्या तोंडाने म्हणतं का पोरी? जो म्हणतो त्याची तिथेच जाते. मग विचारलं, स्वर्ग मिळेल असं वाटतं का. नाही. नमाजात मन भटकतं का. हो, भटकतं, मेल्या चुलीकडे जातं. देवावर कधी रागावलात का. हो. रिसानची पेटी आली त्या दिवशी. त्याला नावं ठेवली मी.' मग माझ्याकडे बघून विचारलं, 'विदाद, त्या यंत्राला कसं कळलं गं? मी सगळं आयुष्य घालवलं आणि अकरा?'

तिला वाटतं हा निकाल तिचा आहे, वरून आलेला. टॅबवर तुझं खातं उघडं होतं म्हणून तुझं नाव त्यावर छापलं गेलं, ते सगळीकडे गेलं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला इतकंच माहीत की तू काहीतरी वेडंवाकडं लिहिलंस आणि लोक चिडले. दीड महिना ती तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी नमाज पढतेय, उरलेल्या एकोणनव्वद टक्क्यांसाठी. आणि मी तुला लिहीत होते, लाज वाटू दे!

मी तिला सगळं सांगितलं. जासिब कशापायी मेला तेही. भट्टीतल्या सगळ्या भाकऱ्या जळाल्या.

आता मुद्दा. थामिरकाकाने शेखपुढे एकच मागणं ठेवलंय. म्हणाला, 'मला कळू दे, ती चाचणी कुणी दिली. माझ्या पोराने भावाचं नाव धुळीला मिळवायला दिली असेल, तर त्याने आपलं मरण आपण ओढवून घेतलं, मी उठून जाईन. नसेल दिली, तर फालिहचं रक्त माझं.' आणि ते कशावरून ठरणार? तर तू अब्बासची शपथ घेऊन लिहून द्यायचंस. मी या माणसांत वाढले आहे, त्यांना देवाच्या नावाने घेतलेली खोटी शपथ पचते, अब्बासची पचत नाही. खोटी घेणाऱ्याचा हात वाळतो.

गझवान, मी घेऊ शकत नाही. काल कागद पुढ्यात घेऊन बसले, माझ्याच्याने अब्बासचा 'अ' लिहवला नाही. आईला तर विचारायचीच सोय नाही, तिला एवढंच बजावलंय की तू तोंड उघडायचं नाहीस, फालिहचा जीव आहे. पण तू लिहितोस की तू मानत नाहीस. मग तुला कसली भीती? तुझ्यासाठी ती शाई आहे. लिही की जासिबने दिली. जासिबला आता काय फरक पडतो? फालिहला पडतो. दहा तारखेच्या आत पाठव.

विदादताई


एरबिल, ७ नोव्हेंबर

ताई,

सोबत आहे. तुला हवं तसं. 'मी, गझवान, तापट डोक्याच्या अब्बासची शपथ घेऊन सांगतो की ती चाचणी माझ्या चुलतभावाने, जासिबने, माझ्या नावाने दिली.' खाली अंगठा आणि सही.

चार कागद फाडले. शब्द सुचत नव्हते म्हणून नाही. जासिबचं नाव लिहिताना हात तिथेच अडत होता. त्याला मी एकदा चुकून मारलं, आता ठरवून मारतोय. पण फालिह माझा भाऊ आहे आणि तो जिवंत आहे, एवढंच मला कळतं.

आईला सांग, अकरा तिला कुणी दिलेले नाहीत. कुठल्यातरी पोराने कुठेतरी बसून आकडे लावून ठेवलेत. तिला हे पटणार नाही, तरी सांग.

गझवान


अमारा, २० नोव्हेंबर

गझवान,

फालिह गेला. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तू पत्राच्या शेवटाकडे डोळे पळवणार नाहीस.

पंधरा तारखेला सगळे शेखच्या दिवाणखान्यात बसले. बंदुका बाहेर ठेवलेल्या. पुरुष आत, मी आणि आई बाहेर, बोरूच्या भिंतीला कान लावून. कॉफी फिरली, थामिरकाकाने पेला खाली ठेवला, प्यायला नाही. शेखने तुझा कागद वाचला. अब्बासचं नाव आलं तसे सगळे उठून उभे राहिले.

काका सगळ्यांत शेवटी खाली बसला. मग म्हणाला, 'अब्बासचं नाव आलं. संपलं. माझा पोरगा तसा होता तर.' खिशातून जासिबचा फोटो काढला आणि चटईवर पालथा ठेवला. जासिबचा फोटो पालथा!

मी सुटकेचा श्वास सोडला. खोटं कशाला सांगू? मला बरं वाटलं. आणि वळून बघते तर आई शेजारी नाही.

ती आत गेली होती. पुरुषांच्या मधोमध. डोक्यावरचं काळं कापड ओढून काढलं आणि शेखच्या पायाशी फेकलं. ते पांढरे केस परक्या पुरुषांनी आजवर पाहिले नव्हते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हणाली, 'ती चाचणी मी दिली. या हाताने. शपथ खोटी आहे. जासिबला त्यातलं काही माहीत नव्हतं.'

शेख मुतश्शर घाबरला. त्याने कापड उचललं, तिच्या डोक्यावर घातलं. बाईने डोक्यावरचं टाकलं की तिचं मागणं मोडता येत नाही, हे तुला माहीत आहे. तो तिला वाट काढून देत होता. म्हणाला, 'फालिहच्या आई, हे तू त्याच्या जिवासाठी टाकलंस ना? हो म्हण, बाई. आत्ताच्या आत्ता सगळं मिटवतो.'

सगळे तिच्याकडे बघत होते. काकासुद्धा. मला वाटतं, काकालाही ती हो म्हणावी असंच वाटत होतं.

आई म्हणाली, 'जासिबच्या नावासाठी टाकलं. तो फोटो सरळ करा.'

मी तिथेच ओरडले, 'आई!' तिने ऐकलं नाही. काकाने फोटो सरळ केला.

शेखने फालिहला तीन दिवस दिले, जिल्हा सोडून जायला. मी त्याची पिशवी भरली. गाडी ठरवली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तो आईच्या पाया पडला, पिशवी उचलली नाही आणि चालत काकाच्या घरी गेला. मी मागे धावले. काका दारात खुर्ची टाकून बसला होता, पिस्तूल मांडीवर. फालिहला बघून तोच रडायला लागला. 'जा रे गाढवा! पळ! बसस्थानक तिकडे आहे. मला तुझं तोंड दाखवू नकोस.'

फालिह म्हणाला, 'तो सांगत होता काका. कसली चाचणी, कसली चाचणी म्हणत होता. मी त्याला विचारलंच नाही.' आणि उंबऱ्यासमोर मातीत बसला, जमिनीवर हात टेकून.

काकाने पाच गोळ्या घातल्या. पहिली चुकली, ती माझ्या बाजूच्या भिंतीत गेली. दुसरी मानेत लागली. फालिह एका कुशीवर झाला आणि पाय झाडत राहिला, तेव्हा काका खुर्चीवरून उठून जवळ आला आणि उरलेल्या तीन छातीला लावून झाडल्या, त्याचा त्रास संपावा म्हणून. मग पिस्तूल विहिरीत टाकलं. त्याच्याच गाडीतून त्याने फालिहला घरी आणलं. मागे चुलती बसली होती, फालिहचं डोकं मांडीवर घेऊन, त्याच्या केसांत बोटं फिरवत. आई फाटकात उभी होती. तिने पुढे होऊन फालिहचे पाय धरले. आंघोळ घालायला दोघीच बसल्या.

रक्त बरोबर झालं असं शेखने जाहीर केलंय. आता आपल्याला कुणापासून धोका नाही. फक्त तुला परत यायचं नाही. कधीच. अकरा टक्क्यांचं आता कुणी नावही काढत नाही. म्हणतात, त्या यंत्राचं सोडा, अब्बासची खोटी शपथ ज्याने लिहिली तो काहीच मानत नाही हे उघड झालं. थामिरकाका काल म्हणाला, 'त्या चाचणीवर माझा विश्वास नव्हताच. शपथेवर होता.'

एक मागणं आहे. तुझ्याकडून शपथ मी मागवली, हे आईला ठाऊक नाही. तिला वाटतं तुझंच डोकं. ती तुझं नाव घेत नाही. तिला मी सांगितलं तर मला या घरात तिच्यासमोर बसवणार नाही, आणि आता या घरात आम्ही दोघीच आहोत. ते तुझ्याच नावावर राहू दे. तुला नाहीतरी कसली भीती?

विदाद


एरबिल, २८ नोव्हेंबर

ताई,

राहू दे माझ्या नावावर. तिला सांगू नकोस. तिचा गुडघा दुखला की पाणी गरम करून देत जा, तेवढं बास.

तू दोनदा लिहिलंस, मला कसली भीती. खरं सांगतो. शपथ लिहिली त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठून आधी उजवा हात बघायचो. मूठ वळते का. बोटं हलतात का. खोके उचलताना हाताला जरा मुंग्या आल्या की घाम फुटायचा. स्वतःला हसायचो आणि परत बघायचो. असं एकोणीस दिवस चाललं. हाताला काही झालं नाही. मला वाटलं, बघ, काही नसतं.

मग तुझं पत्र आलं.

ताई, तू लिहिलंस की फालिह जमिनीवर हात टेकून बसला. कुठला हात, ते लिही. माझ्या खोट्या शपथेचं मोल त्याच्याकडून घेतलं गेलं असं मला वाटायला लागलंय, आणि ते वाटणं थांबत नाही. काल तीन वर्षांनी मी आपणहून नमाजाला उभा राहिलो. शेजारी कुणी नव्हतं. मी काही मागितलं नाही, मला फक्त देवाला नावं ठेवायची होती.

गझवान